पूजेतला चेन ब्लॉक

सौरव : जरा वर लावा काका, हुकाच्या वर. तिथं कुंकू फोटोत नीट दिसतंय.

मष्णू : हितं?

सौरव : हां. आणि हळद थोडी कमी करा. नाहीतर मुद्दाम लावल्यासारखी वाटते.

मष्णू : मुद्दामच लावायलोय की.

सौरव : ते आपल्याला माहीत आहे. घेणाऱ्याला कशाला?

मष्णू : उद्या खंडेनवमी. सगळ्या हत्यारांस्नी उद्या कुंकू लागंल, आन् ह्येला एक दिस आधी, फोटोसाठी. तीस वर्सं झाली ह्या मच्छे गावातल्या शेडात. असलं कुंकू कधी लावलं न्हाय मी.

सौरव : काका, लक्ष कुठंय तुमचं? ओघळलं बघा.

मष्णू : लक्ष कुठं असणार? ह्याच हुकाला गिअरबॉक्स टांगला हुता. परशा खाली वाकून त्येचा पाया साफ करत हुता. मी हातातली साखळी सोडली आन् पाना घ्यायला वळलो. साखळी सोडली तरी वजन जाग्यावर ऱ्हायला पायजे, त्येच्यासाठीच तर चेन ब्लॉक असतोय. दोन पावलं टाकली न्हाईत तवर आवाज झाला.

सौरव : परत परत डोळ्यापुढं आणू नका ते.

मष्णू : आणाय लागत न्हाय रं. ते तितंच असतंय.

सौरव : आपण परशरामकाकांसाठीच करतोय ना हे? कृत्रिम पाय बसवायचा तर चांगला बसवायला पाहिजे. ऑनलाइन लिलाववाल्यांनी तर तक्रार बंद केली. जुना माल 'जसा आहे तसा' विकतोय ही अट वाचूनच तुम्ही बोली लावली, आता आमचा संबंध नाही म्हणून कळवलं. आणि ज्यानं विकला त्याचा फोन लागत नाही.

मष्णू : तू सांगितलंतास मला.

सौरव : ते आता नको.

मष्णू : बोल की. बोललास तर बरं वाटंल. तू गप बसतोस त्येचाच जास्त तरास हुतोय.

सौरव : सांगितलं होतं. विकणाऱ्याचं खातं उघडून दोन महिने झालेले, आधी त्याच्याकडनं कुणी काही घेतलेलं नाही. फोटो सगळे एकाच बाजूचे. किती टनाचा आहे ती पट्टी घासलेली, वरनं नवा रंग मारलेला. मी म्हटलं, वजन टांगून तासभर ठेवलेला व्हिडिओ मागू, नाहीतर गाडी काढून समक्ष बघून येऊ. तर तुम्ही...

मष्णू : मी म्हटलं, अरे, कुंकू हाय त्येच्यावर.

सौरव : हां.

मष्णू : जो माणूस हत्याराला कुंकू लावतोय त्यो हत्याराबद्दल खोटं बोलणार न्हाय. असं म्हटलं मी. वर तुलाच दटावलं, ऑफिसात बसून तुम्हा पोरांस्नी सगळ्यांचा संशय यायलाय म्हणून.

सौरव : मे महिना होता काका.

मष्णू : व्हय.

सौरव : मे महिन्यात ताजं कुंकू आणि टवटवीत झेंडूचं फूल.

मष्णू : वैशाखात कसली खंडेनवमी? डोळ्यांनी बघितलं आन् डोस्क्यात शिरलं न्हाय. आंधळं दळतंय आन् कुत्रं पीठ खातंय, तसली गत झाली माझी.

सौरव : परशरामकाकांना लागल्यावर मी त्याचा बाकीचा माल बघितला. ग्राइंडर, ड्रिल, वेल्डिंगचं मशीन. सगळ्यांवर तसंच कुंकू. फूल पण सगळीकडं तेच. पहिल्या फोटोत ताजं, शेवटच्या फोटोत सुकलेलं. एका दिवसात, एका फुलावर सगळे फोटो काढलेत त्यानं.

मष्णू : आन् आता तूच मला म्हणायलास, जरा वर लाव.

सौरव : कारण ते चालतंय काका. मला काय आवडतंय असं नाही. पण आपण कुठं 'चांगला आहे' म्हणून लिहितोय? एक शब्द खोटा लिहायचा नाही. नुसता फोटो टाकायचा, खाली 'जसा आहे तसा' लिहायचं.

मष्णू : घेणारा कोण असंल?

सौरव : असेल कोणतरी.

मष्णू : निपाणीकडचा असंल, न्हायतर खानापूरचा. माझ्यासारखाच कोणतरी, चार हत्यारं घेऊन शेड टाकलेला. पोरगं त्येला म्हणंल, व्हिडिओ मागू. आन् त्यो म्हणंल, कशाला रं, कुंकू हाय की.

सौरव : काका, दारात बघा. यशोदाकाकू आल्यात.

यशोदाबाई : आत येऊ का, मष्णूअण्णा?

मष्णू : या वैनी, या. परशा कसा हाय?

यशोदाबाई : हाय. घरी आणल्यापास्नं चार घास जास्त खात्यात. न्हाई त्या पायाला खाज सुटती म्हणत्यात. मी आपली चादरीवरनं हात फिरवती. थांबली म्हणत्यात मग.

मष्णू : बसा. सौरव, खुर्ची दे.

यशोदाबाई : बसाय न्हाय आले. कंग्राळीची बस गाठायची हाय. त्येंची हत्यारांची पेटी तेवढी न्यायची हुती. उद्या पूजा न्हवं का. म्हणाले, माझे पाने, पकडी घरी आण, खाटेवर बसूनच कुंकू लावतो.

मष्णू : हाय तिथंच हाय त्येची पेटी. कुणाला हात लावू दिला न्हाय मी.

यशोदाबाई : ह्यो त्योच न्हवं?

मष्णू : व्हय.

यशोदाबाई : पूजा केलीसा ह्येची? आजच?

सौरव : काकू, पाणी आणू का?

यशोदाबाई : नको बाळा. चांगलं केलंसा, अण्णा. त्येंनी पण सांगून धाडलंय, त्याला एक फूल घाला म्हणून. हे बघा, पिशवीत आणलंय. हत्याराचा दोष न्हाय म्हणत्यात ते.

मष्णू : मग दोष कुणाचा म्हणतोय त्यो?

यशोदाबाई : कुणाचा न्हाय म्हणत्यात. पर मला ठावं हाय. माझा हाय.

मष्णू : तुमचा? तुमचा ह्येच्यात काय संबंध, वैनी?

यशोदाबाई : तेच सांगाय आले मी. पेटी काय, सौरवनं पण आणून दिली असती. तुम्ही ह्यो आणलासा न्हवं, त्या आठवड्यातली गोष्ट. रातच्याला जेवता जेवता म्हणाले, आज ह्येला मोटार टांगून च्याला गेलतो, येऊन बघतोय तर मोटार चार बोटं खाली. साखळीला कुणी हात लावला न्हाय. मष्णूला सांगावं का?

मष्णू : मला बोलला न्हाय त्यो.

यशोदाबाई : बोलणार हुते. मी बोलू दिलं न्हाय. म्हटलं, अण्णांनी हौसेनं आणलंय, कुंकवासकट आलंय म्हणून सगळ्यांस्नी सांगत फिरत्यात. पूजेतली वस्तू हाय, तिला नाव ठेवू नये. घरात काय वंगाळ हुईल. माझं ऐकून गप बसले. लगीन झाल्यापास्नं माझं एवढंच ऐकलं त्येंनी.

सौरव : काकू, तुम्हाला काय माहीत की...

यशोदाबाई : सव्वा महिना झाला, झोप न्हाय मला. त्येंनी एका शब्दानं बोलून दाखवलं न्हाय. बोलले असते तर बरं झालं असतं.

मष्णू : वैनी, ते फूल पिशवीतच ठेवा.

यशोदाबाई : का ओ?

मष्णू : पूजा केलेली न्हाय मी. इकाय काढलाय. कुंकू फोटोसाठी लावलंय.

यशोदाबाई : इकाय?

सौरव : पैसे काकांच्या पायासाठीच आहेत काकू, एक रुपया आम्ही...

यशोदाबाई : तू थांब बाळा. अण्णा, इकायला कुंकू कशाला लागतंय?

मष्णू : कुंकू दिसलं की घेणारा इचारत न्हाय. मी इचारलं न्हाय. ज्यानं मला इकला त्येनं पण असंच लावलतं, फोटोपुरतं. मोडका माल हुता, ठावं हुतं त्येला. कधी पूजा न्हाय, काय न्हाय. मला हे कळून महिना झाला आन् तुम्हाला सांगाय तोंड झालं न्हाय.

(यशोदाबाई चेन ब्लॉकजवळ जाऊन कुंकवाला बोट लावून बघतात. ते अजून ओलं आहे.)

यशोदाबाई : म्हंजे ह्येच्यात देव न्हवताच.

मष्णू : न्हवता.

यशोदाबाई : आन् त्येला भिऊन मी माझ्या माणसाला गप बसवलं.

मष्णू : तुमचा दोष न्हाय, वैनी. फसवलं आपल्याला. मला आधी, माझ्यामुळं तुम्हाला.

यशोदाबाई : असंल. पाय तर गेला. फडकं हाय का एखादं?

सौरव : हे आहे. पण ऑइलचं आहे.

यशोदाबाई : चालतंय.

मष्णू : द्या हिकडं, मी पुसतो. सवाष्णीनं कुंकू पुसू नये.

यशोदाबाई : ह्ये कुंकू न्हवं अण्णा. ऱ्हाऊ द्या. सौरव, आता काढ फोटो.

सौरव : आता?

यशोदाबाई : सगळ्या बाजूंनी काढ. ही पट्टी घासलेली दिसती, ही पण काढ. आन् खाली लिव, मोटार टांगली तर चार बोटं खाली येती. गिअरबॉक्स टांगला तर धरत न्हाय. ह्येच्याखाली एका माणसाचा पाय गेला. ज्येनं इकला त्येचं नाव पण लिव.

सौरव : असं लिहिल्यावर कोण घेणार काकू?

यशोदाबाई : कुणी घिऊ नये म्हणूनच लिवायचं.

सौरव : आणि काकांचा पाय?

यशोदाबाई : दुसऱ्याचा पाय घालवून त्येंचा बसवायचा व्हय? त्येंना कळलं तर ते चालतील त्या पायावर?

मष्णू : लिव रं. त्या सांगत्यात तसंच लिव. आठ दिस ऱ्हाऊ दे तिथं, लोकांस्नी वाचू दे. मग हूक कापून भंगारात घालतो मी. माझ्या हातानं कापतो.

यशोदाबाई : पेटी द्या, अण्णा. बस जाईल.

मष्णू : जड हाय. सौरव सोडंल गाडीवरनं. वैनी, परशानं फूल घालाय सांगितलतं. इचारंल त्यो. काय सांगणार?

यशोदाबाई : घातलं म्हणून सांगती. देव न्हवताच, ह्ये त्येंना कशाला सांगू?