केल्विनच्या वाट्याचं

— राहू देत, राहू देत बूट, फरशीच आहे, पुसता येते. तू बस आधी. कुत्री भुंकली नाहीत तेव्हाच मी ओळखलं, कामावरचा कुणीतरी आलाय म्हणून. होहेपावर — माझा सख्खा भाऊ तो — त्याच्यावरसुद्धा भुंकतात मेली, आणि तुझ्याभोवती शेपट्या हलवत फिरतायत. म्हणजे रापाताबरोबर ट्रकमधून जंगलात यायची, तेव्हाची ओळख. तूच केल्विन ना? मला वाटलंच. रापाता म्हणायचा, आई, तो माणूस आत येत असला तरी वाटतं परत निघालाय. तसाच तर उभा होतास फाटकापाशी! मी खिडकीतून बघत होते, म्हटलं आता येईल, मग येईल... टोपी काढलीस, घातलीस, परत काढलीस. खाल्लंयस का काही? नाही. विचारायचं कशाला, तोंडावर लिहिलंय. बोलायचंय? हो, बोल की, बोलशील, कुठे पळून चाललीये मी. आधी खा. या घरात उपाशी माणसाशी कुणी बोलत नाही.

सोमवार आहे ना, म्हणजे कालचंच. उरलेलं. अरे, लाजायचं काय त्यात — सोमवारी आमच्याकडे उरलेलंच असतं, आणि खरं सांगू, रविवारपेक्षा सोमवारचंच चांगलं लागतं. रविवारी मोठं पातेलं चढतं. डुकराची हाडं — पण मांस लागलेली हां, खाटकाला सांगायचं, बाबा, फार साफसफाई करू नकोस — मीठ घालून मंद आचेवर ठेवून द्यायची आणि विसरून जायची. चर्चला जाऊन यायचं. मांस हाडाला सोडायला लागलं की बटाटे, रताळी. मग पूहाची भाजी, ती काय कुठेही उगवते, कुंपणाशी, रस्त्याकडेला — पण नळाखाली खसाखसा चोळायची, चीक गेला पाहिजे, नाहीतर कडूजहर. आणि सगळ्यात शेवटी मैद्याचे गोळे वरून सोडायचे, झाकण लावायचं आणि झाकण उघडून बघायचं नाही! रापाता लहानपणी दर वेळी उघडायचा. दर वेळी गोळे बसायचे. दर वेळी धपाटा खायचा. मोठा झाला, दाढी पिकायला लागली, तरी उघडायचाच.

हे बघ, सोमवारी काय करायचं — मी करते तुझ्यासमोर, चटकन होतं — हाडाला राहिलेलं मांस बोटांनीच काढायचं, सुरीने नाही, बोटांना कळतं कुठे काय चिकटलंय ते. बटाटे, रताळी, भाजी सगळं एकत्र कुस्करायचं. तव्यात चरबी, त्यात कांदा — तुला कांदा जास्त लागतो, माहितीये मला — आणि हा गोळा थापायचा आणि हात आवरायचा. ढवळायचं नाही. खालून खरपूस झालं पाहिजे, करपायच्या एक पाऊल अलीकडे. मग पावात घालून दाबायचं. झाला डबा. तू तर खाल्लायस किती वेळा. बीटचा काप तेवढा काढून ठेवायचास. — अरे, मला कसं कळणार नाही! कागद परत यायचा ना घरी, त्यात लाल लाल काप घडी घालून ठेवलेला असायचा, जसा काही कुणाला सापडणारच नाही. म्हटलं, हा माणूस टाकूनही देत नाही आणि खातही नाही. पुढच्या खेपेपासून बीट बंद.

तुला काय वाटलं, उरलं म्हणून द्यायचा तो? तसंच सांगायचा ना तुला? ‘आईने फार भरलंय, कुत्र्याला जाईल, तू तरी खा.’ थापाड्या. उरत-बिरत काही नव्हतं. तू कामावर लागलास त्या आठवड्यात हा घरी आला की सरळ पातेल्यात हात. मी म्हटलं, अरे, एवढा डबा दिला, पोटात काय जंत झालेत? मग एकदा भांडी पुसताना म्हणाला, आई, नवा एक माणूस आलाय, दक्षिणेकडचा, गोरा, चाळिशीचा. जेवायच्या वेळेला सगळ्यांपासून लांब ओंडक्यावर जाऊन बसतो, सिगारेट ओढतो, विचारलं तर म्हणतो भूक नाही. झाडं तोडणाऱ्या माणसाला दुपारी भूक नाही? बायको सोडून गेली असेल, नाहीतर लाज वाटत असेल, नाहीतर दोन्ही. मी म्हटलं, मग मला सांगायला काय झालं होतं तुला? अर्ध्या भाकरीवर राबतोयस! तेव्हापासून दोन डबे. तू कोण, कुठला, मला काही माहीत नाही — पण तुझा पाव मी रोज भरलाय. मटणाचा खांदा भाजला की उरलेल्याचा खिमा करून बटाट्याखाली घालायचा, ओव्हनमध्ये लाल करायचा — त्याचा कोपरा तुझा. कोपरा कुरकुरीत असतो. रापाताला तोच आवडायचा, पण द्यायचा तुला. मला म्हणायचा, केल्विन हसला आज. जसं काही लॉटरी लागली.

खा ना. का थांबलास? — मीठ कमी आहे का? माझंच चुकतंय हल्ली मीठ.

आणि डुक्कर मारून आणलं की वाटे व्हायचे, तुला ठाऊक असेल, आमच्यात मारणाऱ्याने पहिला वाटा स्वतः घ्यायचा नसतो. तंगडी वरच्या घरातल्या म्हाताऱ्याला, फासळ्या होहेपाच्या पोरांना, मुंडी चर्चच्या बायकांना, त्या मुंडीचं जे काही करतात ना, जाऊ दे. शेवटचं डुक्कर आणलं त्यातला पाठीचा तुकडा त्याने पिशवीत बांधला, म्हणाला, आई, हा केल्विनच्या वाट्याचा. याला या महिन्यात घरी घेऊन येतो जेवायला, ओढून आणतो, बघच तू. फ्रीजरमध्ये आहे अजून. खाली, मटाराच्या पिशवीखाली. होहेपा म्हणाला, फेकून दे. म्हणाला, त्या माणसाचं नाव घेऊ नकोस या घरात, दिसला तर तंगडं मोडीन. मी नाही फेकलं. मांस फेकत नाहीत, केल्विन.

बस. बस खाली. होहेपा नाहीये इथे, तो खाडीवर गेलाय मासे धरायला. आणि असता तरी माझ्या ताटावरून कुणाला उठवायची त्याची हिंमत नाही.

मला माहितीये रे, कसं झालं ते. चौकशीचा साहेब आला होता, याच टेबलाशी बसला होता, त्यालाही खायला घातलं मी. त्याने सगळं नीट सांगितलं — वारा फिरला, तू कापत होतास ते झाड दुसऱ्यात अडकलं, तुझ्या कानावर ती मोठी झाकणं असतात ना, तुला ऐकू येत नव्हतं, रापाता खालून ओरडत धावत आला आणि तुला ढकललं. मी त्याला विचारलं, म्हणजे केल्विनची चूक नव्हती? म्हणाला, कुणाचीच नव्हती, आई. बरं. नव्हती तर नव्हती. मी धरून बसले नाही. मी चांगली बाई आहे, चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसते.

पण तू आला नाहीस.

मराएवर, आमच्या लोकांच्या सभाघरात, त्याला ठेवला होता, मी काळं नेसून उशाशी बसले होते, माणसं येतच होती — तुमच्या कामावरची सगळी आली, जंगलाच्या बुटांतच आली, एवढे एवढे बाप्ये ढसाढसा रडले, आमच्या रीतीने माझ्या नाकाला नाक लावून रडले. प्रत्येक जण वाकला की मी होहेपाच्या बायकोला हळूच विचारायची, यातला केल्विन कुठला? हा का? नाही. मग तो? नाही. बायकांनी मागे तुझ्या नावाचं ताट झाकून ठेवलं होतं, मीच सांगितलं होतं, दक्षिणेचा माणूस आहे, त्याला रीत ठाऊक नसेल, लाजेल, उशिरा येईल. माती दिली तरी आला नाहीस. ते ताट मग कुणीतरी खाल्लं. तुझ्यावर राग आहे तो त्याचा. त्याच्या मरणाचा नाही — तुझ्या न येण्याचा.

— नाही. खोटं बोलतेय मी. तू असा मान खाली घालून ऐकतोयस आणि मी खोटं बोलतेय. त्याच्या मरणाचाही आहे. पातेलं चढवते, गोळे सोडते, झाकण लावते, आणि झाकण कुणी उघडत नाही, गोळे असे फुगून येतात — असे फुगून येतात, केल्विन, जन्मात कधी आले नव्हते इतके सुरेख — आणि मला वाटतं, तो का? तो लांब ओंडक्यावर बसणारा का नाही? ज्याची कुणी वाट बघत नव्हतं तो का नाही? असं वाटतं मला. उभ्या जन्मात तुला पाहिलेलं नसताना. ज्या हातांनी तुझा पाव भरला त्याच हातांनी टेबल धरून मी असलं मनात आणते. आता सांग, चांगली बाई आहे का मी?

नको, बोलू नकोस. तुला माफी मागायची असेल ती नको मला. मी कुठे ठेवू ती? चहा टाकते. साखर किती? एक गोष्ट बरी झाली म्हणते मी, साहेब म्हणाला, रापाता लगेच गेला. कळलंसुद्धा नसेल त्याला, म्हणाला. तेवढ्यावर मी —

काय?

मान का हलवतोयस?

...

थांब. किटली खाली ठेवते. थांब जरा.

लगेच नाही?

बोल. आता बोल. मीच बडबडत बसले, तू हेच सांगायला आलायस, होय ना? माणसं खाली गाडीकडे फोन लावायला पळाली आणि तू थांबलास. तू एकटाच. त्याचं डोकं... तुझ्या मांडीवर. हं. आणि डोळे? उघडे. तुझ्याकडे बघत होता? — नाही, तुझ्या पलीकडे. हं. हं. दुखत होतं का त्याला? खरं सांग, मी म्हातारी आहे पण काचेची नाही. — बरं. तुला माहीत नाही. बरं.

बोलला? काय बोलला? कळलं नाही म्हणजे? अरे, कानावरचं ते काढलं होतंस ना? मग? — आमच्या भाषेत. आमच्या भाषेत बोलला. तुझ्याशी कधी बोलायचा नाही तो आमच्या भाषेत, तुझ्याशी कशाला बोलेल, माझ्याशी बोलायचा फक्त. तुला वाटलं शिव्या देतोय? शाप देतोय, मरता मरता? म्हणून आला नाहीस? एवढे दिवस ते पोटात घेऊन फिरतोयस? अरे देवा. अरे, काय माणूस आहेस तू.

आठवतंय का? जसं ऐकलंस तसं म्हण. चुकू दे. अक्षर तुटलं तरी चालेल, मी जोडते. म्हण.

...

परत म्हण.

...

मकारीरी. ‘केइ ते मकारीरी आउ, मामा.’

शिवी नाही रे. शिवी नाही. थंडी वाजतेय म्हणत होता. मला थंडी वाजतेय, आई. एवढंच. लहानपणी धुकं उतरलं की पहाटे माझ्या पांघरुणात घुसायचा आणि थंडगार पाय माझ्या पोटऱ्यांना लावून हेच म्हणायचा. एवढा मोठा झाल्यावर कोण म्हणतं? कुणी म्हणत नाही. मलाही विसरायला झालं होतं.

तू काय केलंस? तो म्हणत होता तेव्हा तू काय केलंस? — कोट काढलास. तुझा कोट त्याच्यावर घातलास. कळलं नाही तरी घातलास. आणि शर्ट. शर्टसुद्धा. आणि मग हात चोळत बसलास त्याचे. कुणी सांगितलं होतं तुला? कुणीच नाही. आणि मग थांबला का तो म्हणायचा? थांबला. थांबून मग... हं.

हं.

नाही, माझ्या जवळ येऊ नकोस. ताट राहू दे तसंच. रडायचं असेल तर बाहेर जाऊन रड, कुत्री आहेत, ती काही म्हणत नाहीत. मला आता एकटीला बसायचंय. मला त्याच्याशी बोलायचंय जरा. तू चांगलं केलंस — हे मी आज म्हणतेय, उद्या म्हणेन की नाही ठाऊक नाही मला, उद्या कदाचित तुझं तोंड बघवणार नाही, तेव्हा आत्ता ऐकून घे आणि जा.

जा, केल्विन. दार ओढून घे.