मामा चहाला गेला होता

...बस की निवांत, गाडी काय पळून चालली का – आळेफाट्याची एसटी पावणेपाचला, म्हणजे सव्वापाचला – लई वेळ हाय. मामीनं पोहे टाकलेत, खाऊन जा, नायतर आईला सांगशील मामाकडं गेले आन् कोरड्या तोंडानं आले. बरं, न्हाई सांगणार. तुझी आई इकडचं काही विचारतच नसंल म्हणा. हे तुझं बाड – मोबाईलवर मला वाचता येत न्हाई, स्टँडवरच्या झेरॉक्सवाल्याकडनं छापून आणलं, दोनशे बारा पानं. त्यो म्हणला, भगवंत सर, नवी कादंबरी का? म्हणलं, माझी न्हाई, भाचीची, आणे गावात दिलेल्या बहिणीच्या, साळुबाईच्या श्रेयाची, तिला माझी प्रस्तावना पायजे. वाचली का म्हणतीस? चाळलीय. थोडी चाळलीय. प्रस्तावनेचं बघू, आधी चार गोष्टी सांगतो – नव्या लेखकांना सांगत असतो त्याच – कॉलेजात बोलवत्यात मला, शाल-नारळ देत्यात, तवा हेच सांगतो.

पहिलं म्हणजे, प्रेरणा कुठनं मिळती असं कुणी विचारलं तर खरं सांगायचं न्हाई. मला विचारत्यात. मी म्हणतो, या मातीतनं. टाळ्या पडत्यात. खरं काय? कांद्याला पाणी भरताना वेळ जाईना म्हणून मी ल्हायला लागलो. आठवडाभर शाळा, रविवारी रान – एक वाफा भरायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात एक पान. वाफा भरला की उठायचं, दारं मोडायचं, पाणी पुढच्या वाफ्यात सोडायचं, आन् परत बांधावर येऊन बसायचं. म्हणून माझी प्रकरणं आखूड. पुण्याच्या एका समीक्षकानं ल्हिलं, लेखकाच्या शैलीत संयम आहे. संयम कसला, लाइट जायची. पण मी त्याला आभाराचं पत्र धाडलं, त्येबी शिकून घे.

दुसरं – माणसं कुठं सापडत्यात? दशक्रियेला. हसू नको. मांडवीच्या काठी सकाळी सातला जाऊन बस – पिंड ठेवलेला, सगळे कावळ्याची वाट बघत्यात, आन् तवर माईकवर श्रद्धांजलीची भाषणं – सरपंच, सोसायटीचे चेअरमन, आन् शेवटी मी. आपल्याकडं गेलेल्या माणसावर बोलायला कुणीतरी लागतं, आन् ओतुरात ते काम माझ्याकडं. वीस वर्षांत चारशे तरी भाषणं झाली असतील. आधी घरच्यांना विचारून घ्यायचं, माणूस कसा व्हता, काय खायचा, कुणाशी बोलायचा न्हाई. ते भडाभडा सगळं सांगत्यात. त्यातलं निम्मं मी माईकवर सांगतो, निम्मं घरी आणतो. माझ्या सगळ्या कादंबऱ्या त्या निम्म्यावर झाल्यात. काय सांगायचं ते कुणालाबी जमतं, काय गाळायचं ते शिकायला लागतं. मी ते शिकलो, फार लवकर शिकलो.

आन् तिसरं, जित्या माणसाचं नाव कादंबरीत घालायचं न्हाई. हे मी कसं शिकलो ते तुला म्हाईत हाय. माझ्या कादंबरीतली बहीण शेवटी मरती, तिच्या दशक्रियेला भाऊ भाषण करतो – मी तिचं नाव प्रयागबाई ठेवून बघितलं, बयाबाई ठेवून बघितलं, भाषण काय उठंना. साळुबाई ल्हिलं आन् एका बैठकीत झालं. ते पान मी कौतुकानं व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकलं. कादंबरीतलं पान हाय असं सांगणाऱ्या वरच्या चार ओळी कुणीतरी कापून पुढं ढकललं – आन् माझी ख्याती ही अशी, मी भाषण केलं म्हणजे माणूस गेलंच असणार, कुणी खातरजमासुद्धा केली न्हाई. दोन जीपा भरून पावणं आण्याला, तुमच्या दारात. टॉवेल, टोप्या, तुझ्या बापाला दुखवट्याचा आहेर. तुझी आई ओसरीला शेंगा तोडत बसलेली. बायांनी गळा काढला आन् मंग तिला बघितलं. तिनं सगळ्यांना जेवायला घातलं म्हणे. तू तवा बारावीला असशील, तूच वाढलं असशील.

मी लगेच फोन लावला. म्हणलं, साळू, चुकलं, पुढच्या आवृत्तीत नाव बदलतो. ती म्हणली –

"मला मारलं ते राहू दे दादा. पण सही करताना मी हासले, असं का ल्हिलंस?"

आन् फोन ठेवला. सहा वर्षं झाली त्याला. आधी दर भाऊबीजेला जायचो मी. आता न्हाई जात. दारात गेलो आन् तिनं ताटच आणलं न्हाई तर तिथनं परत कसं फिरायचं, ते मला समजत न्हाई, म्हणून न्हाई जात. मामीला सांगतो, गुडघा दुखतो.

कसली सही म्हणून काय विचारतीस, नवव्या प्रकरणात तूच ल्हिलीय की – हां. बरं. वाचलंय. सगळं वाचलंय, दोनदा वाचलंय. आमचे वडील आण्णा वारल्यावर जुन्नरला कचेरीत केलेलं हक्कसोड, तू तवा चौथीत-पाचवीत व्हतीस. आपल्याकडं बहिणी माहेरच्या रानातला वाटा सोडून देत्यात, माहेर तुटू नये म्हणून हसून देत्यात, असं समदे म्हणत्यात, म्हणून मीबी तसंच ल्हिलं व्हतं. तू चांगलं ल्हिलंस. सहीशेजारी उठवलेल्या अंगठ्याची शाई ती पदराच्या आतल्या बाजूला पुसती, वर डाग दिसू नये म्हणून – मी तिथं असून मला हे सुचलं न्हाई. माझ्यापेक्षा बरी ल्हितीस, हे मी प्रस्तावनेत ल्हिलं नसतं, तोंडी सांगतो. पण तुझा मामा. तुझ्या कादंबरीतला मामा भोळा हाय. कागदांची घाई चाललेली, आन् मामा नेमका चहाला गेलेला. परत येतो तवर सही झालेली. मामाला बिचाऱ्याला काहीच पत्ता न्हाई.

हे तू मनानं रचलंस ना? मामाचा मान राखायला? – न्हाई? मंग? – आईनं सांगितलं. मामा चहाला गेला व्हता, असं आईनं सांगितलं तुला. तिच्या तोंडानं.

थांब जरा. ते पाणी दे इकडं.

म्हणजे तिला कळलं व्हतं. मी इतकी वर्षं धरून चाललो की तिला कळलंच न्हाई, राग हाय तो फक्त हसण्याचा हाय. पण ज्याला काही म्हाईत न्हाई त्यो असला चहा कशाला रचंल, श्रेया? माझा धंदाच हा हाय – कुणाला तरी झाकायचं असलं म्हणजेच माणूस इतकं नीटनेटकं रचतं. माझ्याशी बोलत न्हाई, आन् पोटच्या पोरीपुढं मला झाकून घेती. मला लई वाईट वाटतंय. कादंबरीत असतं तर हे वाक्य मी ठेवलं नसतं.

पेन हाय का? घे. पान एकशे अठरा. मामा चहाला गेला न्हवता. बाकड्यावर तिच्या शेजारी बसला व्हता, कागद त्याच्याच हातात व्हता. तिला चौथीतनं काढलेली, मला शिकवलेलं – कचेरीतलं छापील तिला झेपंना, ती म्हणली, दादा, तूच वाच. त्यानं वाचलं. वारसाची नोंद हाय म्हणला, आण्णांच्या जागी आपली नावं लागणार म्हणला, आन् विहिरीकडच्या रानातला हक्क कायमचा सोडून देत आहे, ती ओळ गाळून खालच्या ओळीवर गेला. साहेबांनी तिला विचारलं, समजलं का बाई? ती म्हणली, भावानं वाचलंय की. हसली न्हाई. असंच लिही, भोळा शब्द काट, आन् मामाची ही ल्हायची खोली त्याच रानात बांधलीय, त्येबी घाल.

प्रस्तावना न्हाई देत मी. हे घातलंस तर माझी प्रस्तावना त्या पुस्तकाला शोभायची न्हाई, आन् न्हाई घातलंस तर मी द्यायची न्हाई. बाड उचल. मी काय बोललो ते आईला सांगू नको.

न्हाई – सांग. आजच सांग. निघ आता.