भांडणाचा वर्ग

नाना, अक्का, जमलेल्या सगळ्या भावांनो आणि बहिणींनो, बसा. उभे आहेत त्यांच्यासाठी मागे सतरंजी आहे.

माझ्यानं बोलवेल की नाही, माहीत नाही. दुःख आहेच, पण त्याच्यावर राग बसलाय. आज राग जास्त आहे. मी धुळ्याचा, आमचं बोलणं तिखट, सांभाळून घ्या.

विमलताई गेल्या. युद्धानं पोळलेल्या देशांत पाणीपुरवठा, दवाखाने, शाळा चालवणाऱ्या माणसांना त्या इथं जळगावात शिकवायच्या. काय शिकवायच्या? ज्याचं तोंड बघवत नाही, त्याच्याबरोबर मिळून काम कसं चालवायचं, ते. अभ्यासक्रमाचं नाव इतकं लांब, की पाटीवर मावेना. इथल्या पिंप्राळ्याच्या रिक्षावाल्यांनी ते सोपं केलं. भांडणाचा वर्ग. ताईंना ते फार आवडायचं. मी त्यांच्या हाताखाली त्याच वर्गात शिकवत आलो.

ताई अमळनेरच्या व्यापारी घरातल्या. त्यांचे आजोबा आणि आजोबांचे भाऊ, दोघांचं सरकीचं गोदाम एक आणि बोलणं बंद. जन्मभर बंद. पण गोदाम रोज सकाळी उघडायचं. कारण दाराला दोन कुलपं, एकेकाकडे एकेक किल्ली. दोघं आल्याशिवाय दार हलायचं नाही. ताई म्हणायच्या, "भला माणूस शोधत बसू नका. दुसरं कुलूप लावा."

दक्षिण सुदानहून दोघं शिकायला आले होते. एकाच्या लोकांनी दुसऱ्याचं गाव जाळलेलं. एका बाकावर बसेनात. ताईंनी काय करावं? आमच्या स्वयंपाकघराच्या कोठीला दोन कुलपं ठोकली आणि या दोघांना किल्ल्या दिल्या. पहिल्याच दिवशी एक जण आला नाही. सगळा वर्ग उपाशी. ताईही उपाशी. मी म्हटलं, "ताई, पटकन केळी तरी आणतो." म्हणाल्या, "भाऊ, बस खाली." संध्याकाळी तो आला. किल्ली फिरवली. खिचडी शिजली. आज त्यांच्या भागातल्या दवाखान्यात औषधांच्या कोठीला दोन कुलपं आहेत, आणि औषधं जागेवर आहेत. ताई गेल्याचं कळलं तेव्हा दोघांनी मला एकाच फोनवरून फोन केला.

आणि आपण काय केलं? तिसऱ्याच्या दिवशी, घरातलं सुतक फिटायच्या आत, आपल्याच संस्थेनं त्या वर्गाला कुलूप लावलं. म्हणे तिथं अभ्यासिका काढायची. म्हणे जळगावात बसून कुठल्या कुठल्या देशांच्या भांडणांशी आपल्याला काय करायचंय? नाना, तुम्ही संस्थेचे अध्यक्ष, वडीलधारे, पहिल्याच रांगेत बसलात, म्हणून तोंडावर विचारतो. भांडण काय परदेशातच होतं? ते दोन भावांचं गोदाम कुठं होतं? अमळनेरला होतं ना? आपल्याच घरातलं शहाणपण जगाच्या उपयोगी पडलं, तर ते आपल्याला जड का व्हावं?

मी असा चिडलो की ताई अहिराणीवर यायच्या. "भाऊ, तुन्हं बठ्ठं खरं शे. पन त्यान्हं बी ऐकी ले."

माझं सगळं खरं असलं तरी समोरच्याचंही ऐकून घ्यायचं, म्हणून नाना, मी तुमचं कुलूप तोडलं नाही. मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू? काल सकाळी जाऊन मी त्याच दाराला दुसरं कुलूप लावलं. किल्ली माझ्या खिशात आहे. आता ते दार तुमच्या एकट्याच्यानं उघडणार नाही, आणि माझ्याही नाही. नोकरीवरून काढा. किल्ली देणार नाही.

पण आलात तर तुमचं म्हणणं आधी ऐकीन. ताईंची तशी शिस्त होती.

चला, ताईंसाठी मिनिटभर उभे राहू. गप्प राहायचं ते तेवढंच. मिनिट संपलं की मी त्या दाराशी जाऊन बसतोय. नाना, तुमची किल्ली घेऊन या.