शेवटचा वेचा

नोकरी सोडून मी मारेगावले घरी बसलो न दोन वर्षं खपून शंकरपटाचा, म्हंजे बैलांच्या शर्यतीचा, ऑनलाइन गेम बनवला. गेम विकतचा होता. पहिल्या दिवशी खेळणारे लय, मंग रोज कमी. मी आलेख पाहून घाबरलो. बाबा मांगून पाहून राह्यलते.

"घाबरतं कायले? पहिल्या वेच्याले कापूस जास्तच निघते. मंग कमी होत जाते."

"अन् हा खाली टेकला तो?"

"शेवटचा वेचा. पऱ्हाटी रिकामी झाली."

"मंग आता काय करू?"

"आपण काय करतो? उरलंसुरलं चराले शेतात ढोरं सोडतो."

पटलं. दुसऱ्या दिवशी गेम फुकट केला. दुपारपर्यंत आलेख सरळ वर गेला. बाबाले दाखवला. त्यायनं चष्मा लावून पाह्यलं.

"आली ढोरं."