विलायतेचा करार

पार्ल्याच्या दूधकेंद्राची खिडकी नुकतीच उघडली होती. बाटल्यांची पिशवी सावरत मृणालिनीबाई रांगेत उभ्या होत्या. त्यांच्या मागे दोघे भाऊ बोलत होते. धाकटा चांगला उंचापुरा होता.

“अनंता, विलायतेचा क्रिकेट क्लब एका मोसमाचे एवढे पौंड देतोय आणि तू नाही म्हणतोस?”

“देतोय खरा, भाऊ. पण तिथला इन्कम टॅक्स आधीच कापणार. मग राहणं, जेवण, बोटीचं भाडं. हातात उरणार किती?”

“तरी गिरणीच्या पगारापेक्षा जास्तच ना?”

“थोडंसं. पण गिरणी टीममध्ये घेतेय ती कायमच्या नोकरीवर. शिवाय कुर्ल्याला दोन खोल्या. तू आणि वहिनी, दोघांनी माझ्याबरोबर यायचं.”

“आमचं काय रे, चाललंय एका खोलीत.”

“कसं चाललंय ते ठाऊक आहे मला. मॅचच्या आधी मला नीट झोप मिळावी म्हणून आठ वर्षं तू गॅलरीत झोपलास.”

“आत उकडायचं म्हणून.”

“जानेवारीत?”

 रांग पुढे सरकली, पण मृणालिनीबाईंचा पाय हलेना.

“वाट लागली! आता तुझ्या वहिनीला काय सांगू? विलायतेच्या थंडीसाठी तुझा स्वेटर विणतेय ती. अर्धा झालाय.”

“पुरा करू दे तिला.”

“अरे, इथल्या उन्हात घालणारेस?”

“गिरणीकडून पहिली ओव्हर मी तो घालूनच टाकणार, भाऊ. वहिनीला पुढच्या रांगेत बसव.”