उंटवाल्याला एक स्टार

हो, तो आमचाच उन्मेष. उन्मेष पुराणिक, द्वारका—दिल्लीच्या या द्वारकेत दुसरा कोण असणार, आणि एवढं लांबलचक लिहायला वेळ तरी दुसऱ्या कुणाला आहे? वाच ना, मोठ्यानं वाच, माझा चष्मा आत राहिलाय. एक स्टार—हां, तोही नाइलाजानं, शून्याची सोय नव्हती म्हणून. पुढे? 'लहान मुलं असतील तर या कॅम्पकडे फिरकू नका'—बिल्कुल बरोबर लिहिलंय. बघ विनया, तू समोरच्या फ्लॅटमधली, पुण्याहून येऊन चार महिने झाले, म्हणून सांगते, नाहीतर मी कुणाच्या सुट्टीत नाक खुपसत नाही. नाताळात जैसलमेरला जायचंय ना? दोन लहान पोरं घेऊन? कशाला? वाळूच दाखवायची तर गेटसमोर बिल्डरनं ट्रकभर टाकलीय, सोड त्यांना तिच्यात, जेवायला हाक मारलीस तरी येणार नाहीत. तिकीट नको, टोपी नको, उंट नको—नाही, उंटाचं सांगते, त्याच्यासाठीच आलीयस तू, कळतंय मला, पण आधी बाकीचं ऐक, म्हणजे उंटापर्यंत जायची वेळच येणार नाही.

आमची मृणाल—सून माझी, लिफ्टमध्ये कानात ते पांढरं घालून एकटीच बोलत असते ती—गुडगावला मॅनेजर आहे. तिनं दसऱ्याच्या सुट्टीचं एक्सेल केलं होतं. सुट्टीचं, हां. सकाळी सात ते साडेआठ किल्ला, अकराला मातीची भांडी करणे, दुपारी कठपुतळी, साडेचारला उंट, आणि मध्ये कुठेतरी 'फ्री प्ले' पाऊण तास—मुलांनी मोकळं खेळायचं ते पण पाऊणच तास, कारण पुढे जीपवाला थांबलेला. शेवटच्या रकान्यात जबाबदारी कुणाची ते लिहिलेलं. सगळीकडे 'आई'. मी मनात म्हटलं, वा, किती करते मुलांचं—मग कळलं की ती आई म्हणजे मी. हे दोघं काय करणार होते? हे दोघं रिलॅक्स करणार होते. हसू नकोस, तुझ्या सासूबाई येणार आहेत ना बरोबर? मग आधी त्यांना विचार.

आमच्या वेळी नव्हतं बाई असलं. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये तेवीस वर्षं काढली मी, ह्यांची सरकारी नोकरी, सहल म्हणजे जानेवारीत मंडळाच्या बसनं पानिपत, तिथलं ते काला अंबचं स्मारक—थंडीत कुडकुडत भाषणं ऐकायची, पुरी-भाजी खायची, परत यायचं. उन्मेष दर वर्षी विचारायचा, आई, आपण हरलो होतो ना, मग बघायला का येतो? पण हट्ट नाही, पाय आपटणं नाही. आणि उन्हाचं म्हणशील तर मेमध्ये इथे लू चालायची, भट्टीसारखा गरम वारा, तेव्हा खिशात कांदा घातल्याशिवाय मी त्याला कधी शाळेत पाठवला नाही. एकदाही ऊन बाधलं नाही पोराला. तेच मी मृणालला म्हटलं—ऑक्टोबर असला तरी वाळवंट आहे, दोन कांदे बरोबर असू देत. तर म्हणे, आई, प्लीज, कांदा नको, कपड्यांना वास येतो, सनस्क्रीन आहे, ओआरएस आहे, टोप्या आहेत, उन्हासाठी वेगळे शर्ट मागवलेत. चलो, ठीक.

तर गेलो. पहिल्या दिवशी किल्ला—साकेत अडीच वर्षांचा, त्यानं दुसऱ्या वळणावर बसकण मारली आणि दोन्ही हात वर केले. त्याला कडेवर घेऊन मी किल्ला पाहिला, म्हणजे किल्ला नाहीच पाहिला, चढ पाहिला. मातीची भांडी—पूर्वीनं, ती थोरली, पाच वर्षांची, तिनं एक वाटी केली, साकेतनं तिचा काठ खाल्ला. कठपुतळी—त्या बाहुलीची मान गरकन फिरते ना, ती फिरली आणि साकेतनं असा काही टाहो फोडला की पेटीवाला वाजवायचा थांबला. एकोणचाळीस डिग्री. आणि मुलांना आवडलं काय म्हणशील तर तंबूतल्या बाथरूममधली बालदी. दोघं दोन तास पाणी ओतत बसली, इकडून तिकडे, तिकडून इकडे. आठशे किलोमीटर जाऊन बालदी. मृणालनं फोटो कुठला टाकला?—मागे वाळू, पुढे ही दोघं रडून लाल झालेली, खाली लिहिलं 'मेकिंग मेमरीज'. अडीचशे लाइक आले. तू पण केलं असशील.

आता उंट. तिथे कॅम्पवाले उंटवाल्यांचे नंबर लावतात, ज्याचा नंबर येईल त्याला गिऱ्हाईक. आमच्या वाट्याला आला खेताराम, उंटाचं नाव रॉकेट. बारीक माणूस, पांढऱ्या मिशा, पूर्वीला म्हणतो, बिटिया, पहले इसको नाम से बुलाओ, फिर बैठो. मला आवडलं ते, खोटं कशाला बोलू. उंट खाली बसलेला, गरीब बिचारा. तर मृणालला फोटो हवा—पूर्वी, उंटाच्या तोंडाशी उभी राहा, अजून जवळ, अजून, स्माइल. खेताराम म्हणत होता, मॅडमजी, बगल से लीजिए, मुँह के पास नहीं. ऐकतंय कोण? आणि मग त्या उंटानं मान खाली केली, पोरीच्या फ्रॉकच्या खिशात तोंड घातलं, दात अडकले की काय देव जाणे, झटक्यात मान वर केली—पोर हवेत. हवेत, विनया. मग कापड फाटलं आणि ती पडली, हात अंगाखाली. मनगटाला बारीक फ्रॅक्चर, तीन आठवडे प्लास्टर. वाळवंटात म्हणे लोकांना शांत वाटतं—मला अजून तिचं ते ओरडणं ऐकू येतं. खेतारामनंच डोक्यावरचा साफा सोडला आणि तिचा हात गळ्यात बांधला, इतका नीट, की दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, किसने बाँधा?

काय म्हणालीस? खिशात काय होतं? काय असणार खिशात. मुलांच्या खिशात काय असतं—गोळी, बिस्किट, एखादा दगड. उंट जनावर आहे, कशालाही तोंड लावतं. खिशात काय होतं म्हणे. हेच तो खेताराम म्हणत होता, माँजी, बच्ची की जेब में प्याज था. मला म्हणाला, हां, उन्मेषला नाही, मृणालला नाही, नेमका माझ्याकडे बघून, हळू आवाजात. मी म्हटलं, कैसा प्याज?

अशी बघू नकोस माझ्याकडे. लहानसा होता, लिंबाएवढा, सोललेला पण नाही. साडेचारला तंबूतून निघताना घातला तिच्या खिशात, वरून रुमाल. ऊन होतं ना, तुम्हा लोकांना कळत नाही, ट्यूबमधलं मलम फासून ऊन थांबतं का? पूर्वीला म्हटलं, मम्माला सांगायचं नाही, आपलं सिक्रेट. मग दवाखान्यात पुन्हा म्हटलं, आता तर मुळीच सांगायचं नाही. तिनं मान हलवली. हात दुखत होता तरी मान हलवली पोरीनं.

आणि उन्मेष—माझं ते 'कैसा प्याज' त्यानं ऐकलं आणि तो तर त्या माणसाच्या अंगावरच धावला, अपनी गलती पाँच साल की बच्ची पे डालते हो? मॅनेजर आला, हात चोळत म्हणाला, सर, इस सीज़न इसका नंबर नहीं लगेगा. त्यांचा सीझन ऑक्टोबर ते मार्च, उंटवाल्याचं वर्ष म्हणजे तेवढंच, बाकी सहा महिने काळं कुत्रं जात नाही तिकडे. तेवढ्यानंही उन्मेषचं समाधान नाही, घरी येऊन हे लिहिलं, नावासकट, म्हणजे त्याला दुसरा कॅम्पही उभा करणार नाही. मी बोलायला हवं होतं, कळतं मला, तू सांगायची गरज नाही. पण तू नव्हतीस माझ्या जागी. जायच्या आधी मृणालनं सेक्टर सहामधलं डे-केअर बघून ठेवलं होतं—आई, तुमचं वय झालं, दोघांच्या मागे धावणं होत नाही तुमच्यानं. फॉर्म आणून फ्रिजवर लावला होता. दोन पोरं गेली की या घरात सकाळी नऊपासून सात वाजेपर्यंत कोण? मी आणि तो फ्रिज. एक कांदा कबूल केला असता तर दुसऱ्या दिवशी फॉर्म भरला असता तिनं, वर सगळ्या ग्रुपवर सांगितलं असतं की बघा, सासूबाईंनी काय केलं. आणि आलो तेव्हा काय झालं माहितेय? उन्मेष म्हणाला, बाहेरच्या माणसांचा भरवसा नाही, मुलं आईकडेच राहतील. मृणालनं स्वतःच्या हातानं फाडला तो फॉर्म. मला आनंद झाला, विनया. आधी आनंद झाला, मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

नाही, उन्मेषला सांगायचं वगैरे काही नाही. काढून टाकायचं?—लिहिलेलं काढता येतं? एका बटणात? मला काय माहीत. काढेलही तो, पण का म्हणून विचारेल ना, मग काय सांगू, उंटानं फोन केला होता? आणि तू तिकडे जाऊन त्या खेतारामला शोधणार, त्याच्याशी बोलणार, परत येऊन इथे—अगं, मी तुला जाऊ नको म्हणते ते काय तुझ्या पोरांना ऊन लागेल म्हणून?

बोलून गेले.

हे बघा विनयाबाई, तुम्ही आलात, रिव्ह्यू दाखवलात, खरं का म्हणून विचारलंत. मी सांगितलं, खरं आहे. उंट चावरा, उंटवाला निष्काळजी, लिहिलंय तेच. आता तर पूर्वी स्वतःच सांगते सगळ्यांना, परवा पार्कमध्ये मैत्रिणीला सांगत होती—ऊँटवाले अंकल ने ठीक से पकड़ा नहीं था—इतकं सरळ तोंडानं की क्षणभर मलाही खरं वाटलं. तिची बस सव्वादोनला येते, मला खाली जायचंय. मृणाल भेटली तर तिच्याशी काहीही बोला, हे बोलू नका. पाच वर्षांची पोर दोन महिने तोंड मिटून आहे, तुम्ही तर एमबीए झालेल्या आहात. या आता. दार ओढून घ्या.