इतर खर्च

हॅलो?… कोण?… आवाज कटून राह्यला… हां, आशाबाई! बोला ना वो.

गिरजाबाईंनी फोन कान आणि खांद्यात दाबला आणि शाळेच्या पडवीत खिचडीच्या गंजात डाव फिरवत राहिल्या. सावली तालुक्यात शाळेच्या पोरांसाठी रांधणाऱ्या बायांच्या युनियनच्या त्या सचिव. वर्षाला शंभर रुपये वर्गणी, पावतीवर सही त्यांचीच. आशाबाई नदीकाठच्या एका शाळेत नऊ वर्षं रांधत होत्या. दिवाळीनंतर हेडमास्तरांनी त्यांना तोंडीच सांगून टाकलं, उद्यापासून येऊ नका. तेव्हापासून त्या घरीच होत्या.

हिशोब?… हो, मीच टाकला गुरूपवर. उद्या सभा हाय ना… तुमच्या पोरीनं, रोशनीनं वाचून दाखवला? बरं झालं… जीपाचे ना? नागपूरच्या मोर्चाले तीन जीपा होत्या. तुमी भी होत्या की. उमरेडपाशी उलटी नाई का झाली तुमाले?… हां, तेच… पावतीबुकं, झेरॉक्स… अं? 'इतर' म्हंजे?… इतर म्हंजे इतरच वो. बारीकसारीक.

बारीकसारीक साडेसहा हजार! हे त्यांचं त्यांनाच ऐकवेना.

अवो ऐका ना… नाई, लपवून नाई राह्यली. चहापाणी रायते, हे रायते… नाई, साडेसहा हजाराचा चहा नाई पेत आपण. खरं हाय… हो… हो… बरं, सांगते. पण हसू नका.

त्यांनी डाव खाली ठेवला.

तो युनियनच्या वरच्या कमेटीचा साहेब आला होता ना?… तोच, दहा मिनिटं बोलला न गेला. त्याले शाल, हार, काजूची प्लेट… नाई, त्यानं हातच नाई लावला. मीच खाल्ले. दोन-चार… बरं, सगळे. न मग तो फ्लेक्स… दहा फुटाचा… साहेबाचा फोटो होता ना, कोपऱ्यात. बारका. मोठा माहा होता… हो, स्टुडिओत काढला. शेजारच्या भाग्यश्रीची साडी मागून नेली. त्यावर लिवलं काय तं, 'संघर्षाची वाघीण'… हसा, हसा! कुत्रं भुकलं तं चप्पल टाकून पळते मी. कायची वाघीण!

पलीकडचं हसणं थांबलं. आशाबाई काहीतरी हळू बोलत होत्या. गिरजाबाईंच्या चेहऱ्यावरचंही हसू ओसरलं.

हो… मालूम हाय मले. त्याच महिन्यात आल्या होत्या तुमी… हो, वकील दोन हजार मागत होता, तुमच्या शाळेले नोटीस द्याचे. न मी म्हटलं, युनियनकडं पैसे नाईत… हो, असंच म्हटलं.

चुलीतली लाकडं त्यांनी उगीचच मागं ओढली, पुन्हा आत सारली.

आशाबाई, थांबा. एक ऐका. पैसे होते वो… हो, होते. त्या नोटीसवर सचिवाची सही लागत होती. माही. म्हटलं, उद्या इथला मास्तर म्हनंन, गिरजाबाई, तुमी भी घरी बसा. मी भेली. मंग पैसे नाईत म्हून सांगनं सोपं वाटलं… नाई, कोनालेच नाई सांगितलं. तुमालेच पयल्यांदा.

त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

हॅलो?… हाय ना तुमी?… शिव्या द्या, पण बोला… काय? सही?… आता? अवो, सभा तं उद्या हाय, सगळ्याइले विचारून… हो. हो. तुमच्या वक्ताले नाई विचारलं, साहेबाच्या वक्ताले भी नाई. बरोबर बोलून राह्यल्या… करते सही, आजच. न फ्लेक्सचे पैसे मी भरते. म्हयन्याच्या म्हयन्याले, थोडे थोडे… नाई, माफ गिफ नका करू! उद्या सभेत उठून विचारा. हळू नाई, जोरात. मी उभी राहून सांगते सगळं. मंग ठेवा सचिव, नाई तं काढा.

वर्गात पोरं पाढे म्हणत होती. मास्तर एकदा दारात येऊन पाहून गेले. गिरजाबाईंनी आवाज खाली नेला, मग लक्षात येताच मुद्दाम वर आणला.

वकील मूलच्या कोर्टात हाय! हो, मूलले! पोरं जेवली का निंगते मी. दीडची बस… तुमी भी येता? गाडीभाडं… बरं, तुमचं तुमी… भेव? लागते ना वो, काऊन नाई लागन? पन तुमी याल तं… सही करतांनी माह्या बाजूले बसजा. बस, येवढंच… हां. स्टँडवरच भेटजा. ठेवते मी, वकिलाले फोन लावा लागते.

आणि उत्तराची वाट न पाहता गिरजाबाईंनी फोन कापला. अजून अर्धा मिनिट बोलल्या असत्या, तर त्यांना एखादं नवं कारण सुचलं असतं.